चकचक मास्तराचा कोट

कापड घेताना लोक हातात चुरगाळून बघतात, उजेडात धरून बघतात, फार तर एखादा धागा ओढून जाळून बघतात. चकचक मास्तर गाल लावायचा. रेक्झिनचा नवा रोल दुकानात आला की दोरी सोडायचा, हातभर उलगडायचा आणि डोळे मिटून त्यावर गाल टेकवायचा. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. मग उठून म्हणायचा, "चांगलं आहे." नाहीतर म्हणायचा, "याच्यात जीव नाही. सीटला चालेल."

सुरतेत, लिंबायतमध्ये त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन पत्रे आणि एक मशीन. रिक्षांचे हूड शिवायचा, सीट मढवायचा, आणि पावसाळ्याआधी प्लास्टिकचे कोट. अमळनेरकडचा माणूस. खरं नाव लोकांना ठाऊक नव्हतं. चकचक मास्तर हे नाव आमच्या घरातलीनं ठेवलं, आणि सगळ्या रिक्षावाल्यांनी उचललं. कारण मास्तराला चमकणारं तेवढंच आवडायचं. मळकट रंगाचं, सुतासारखं दिसणारं रेक्झिन तो शिवायचा, पण तोंड वाकडं करून. ज्यात तोंड दिसतं ते रेक्झिन आलं की त्याचा दिवस चांगला जायचा.

मशीनशेजारी त्याच्याकडे कायम तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा असायचा. रेक्झिन मशीनच्या पायाखाली अडकतं, सरकत नाही. म्हणून तो चिमूटभर पावडर मारायचा. दिवसभरात त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे होत. रस्त्यानं जाणारी बाई हसली तर म्हणायचा, "ताई, तुम्ही तोंडाला लावता, मी कामाला लावतो." शिवून झालेला कोट देतानाही तो तेच सांगायचा. टांगून ठेवा. घडी घालू नका. घातलीच तर पावडर मारा. नाहीतर उन्हाळ्यात चमक चमकेला चिकटते, आणि ओढून काढलं की सालटं निघतं.

दुसरं एक सांगायचा, ते मला आता जास्त आठवतं. साध्या कापडात सुई घातली आणि काढून घेतली, तर धागे जवळ येतात आणि भोक बुजतं. यात बुजत नाही. "इथं उसवून पुन्हा शिवायचं काम नाही, अप्पा. सुई घालायच्या आधी विचार कर. एकदा घातली की घातली." म्हणून तो टाका घालण्याआधी वेळ घ्यायचा. गिऱ्हाइकं कटकट करायची. हा आपला दातात दोरा धरून बसलेला.

मी तेव्हा पलसाण्याला प्रोसेस मिलमध्ये होतो, रंगाईला. चौथी शिकलेला माणूस, त्याला कोण टेबलावर बसवणार? दिवसभर ओलं काम. दुसऱ्यांच्या साड्या रंगवायच्या आणि आपल्या अंगावर विटलेला सदरा. तो सदराही ओला, पोटाला चिकटलेला, सोड्यानं खाजणारा. मिलवाले एप्रन द्यायचे, ते महिन्यात फाटायचे. एकदा मास्तराच्या ओट्यावर चहा पिताना मी पोट खाजवत होतो. त्यानं विचारलं नाही, टेप काढला आणि माझी छाती मोजायला लागला. चार दिवसांनी कोट तयार. काळा, गळ्यापर्यंत बटणं, मांडीपर्यंत लांब.

हातात घेतला तर जड. आणि गार. मे महिन्यात, सुरतेत, एवढी गार वस्तू माठाशिवाय मी पाहिली नव्हती. बाह्यांत हात घातले तर आत सरकत गेले, तेल लावल्यासारखे. नव्या रिक्षात पहिल्यांदा बसल्यावर येतो तो वास. मी हात वर केला तर कोट बोलला. चर्र. खाली केला, पुन्हा बोलला. दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड बाहीवरून पाण्यासारखा खाली ओघळला. मी हात हलवत राहिलो, तो उजेड खालीवर पळवत राहिलो. मास्तर माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "हाई कापड नही, अप्पा. हाई कातडं शे." कातडं, पण कुठल्या जनावराचं नाही.

मग त्यानं जे सांगितलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "सुती सदरा घातला की घटकेत विसरतोस. अंगावर आहे की नाही, कळतही नाही. हा विसरू देत नाही. तू श्वास घेतलास तरी तुला सांगतो."

खरं होतं ते. आधी गार लागायचा. मग हळूहळू आपली ऊब धरायचा आणि तीच आपल्याला परत द्यायचा. घाम यायचा, नाही कशाला म्हणू. पण तो घाम मिलमधल्या घामासारखा नव्हता. तो माझा मला होता. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. रंगाच्या हौदाशेजारी उभा असलो तरी मी त्या कोटात कोरडा, म्हणजे माझ्या स्वतःच्या पाण्यात. ज्यानं चकचकीत प्लास्टिक कधी उघड्या कातडीला लावलं नाही, त्याला मी काय म्हणतो ते कळणार नाही. ज्यानं लावलंय तो बोलणार नाही. मास्तर तेवढा बोलायचा.

स्वतःसाठी त्यानं लाल कोट शिवला होता. लाल म्हणजे मिरचीसारखा. रविवारी घालायचा, पाऊस असो नसो. ऊन असलं तर माणसांना डोळ्यांवर हात धरावा लागे. श्रावणात आपल्या खानदेशी लोकांची कानबाई बसते, तिच्या विसर्जनाला तो त्याच कोटात नाचायचा. एका म्हाताऱ्यानं हटकलं, "देवीपुढं प्लास्टिक घालून? विटाळ होतो." मास्तर थांबला नाही, नाचता नाचताच म्हणाला, "बाबा, याला पाणीच लागत नाही, विटाळ कुठून लागणार?" म्हाताराच हसायला लागला. माझी घरातली तर रस्त्यात खाली बसली हसून हसून.

तिचं नाव कमल. तिचं माहेर लांब, धुळ्याच्या पलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. सुरतेतून दर वर्षी कुठं जाणार? मिल सुट्टी देत नव्हती. एका आखाजीला ती पोळ्या लाटता लाटता रडत होती. मास्तर आला होता. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तिला डिंडोलीला माझ्या खोलीवर पाठव. माझी म्हातारी आहे घरी. एक दिवस माहेरी येऊ दे." गेली. येताना हातात चोळीचा खण होता, आणि पायांत घरून नेलेली चप्पल नव्हती, नवी होती. तेव्हापासून कुणी विचारलं तर म्हणायची, "मन्हा भाऊ शे तो." मानलेला वगैरे म्हणायची नाही. भाऊ.

आता माझं सांगतो. मी रागीट होतो. आणि माझा एक नियम होता. घरातली गोष्ट बाहेर गेली की मी माणूस सोडतो. हे मी मोठ्या तोंडानं सगळ्यांना सांगायचो, मास्तरालाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी माझं काम सुटलं होतं, ते कमलनं तिच्या सख्ख्या भावाला सांगितलं. भाऊ धान्य घेऊन आला. मला लाज वाटली. मी धान्य ठेवून घेतलं आणि तिला त्याच्याबरोबर पाठवून दिली. आठ महिने आणली नाही. चारचौघांत म्हणालो, आता एकदा माफ, पुन्हा झालं तर कायमची. ते तिनं ऐकलं होतं. मास्तरानंही ऐकलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. एका रविवारी दुपारी कमल बाजाराला गेली होती. घरात मी एकटा. गरम होत होतं, अंगात सदरा नव्हता. खुंटीवर कोट दिसला. का ते माहीत नाही, उघड्या अंगावर घातला. खाली हाफ चड्डी, वर चकचकीत काळा कोट. फरशीवर पंख्याखाली बसलो. गार झालो, मग ऊब आली. मी हात हलवत राहिलो, कोट बोलत राहिला. वय पंचेचाळीस. अर्धा तास मला मिल आठवली नाही, घरभाडं आठवलं नाही, मेलेला बाप आठवला नाही. मग काढला, पुसला, टांगला.

हे मी मास्तराला सांगितलं. फक्त त्याला. तो हसला नाही. म्हणाला, "खाली चड्डी कशाला घातलीस?" मग दोघंही हसलो. तेवढंच.

चार-पाच दिवसांनी मिलमध्ये मी हौदाजवळून गेलो तर मागून आवाज आला. चर्र. मी वळलो, सगळे कामात. पुढं गेलो, पुन्हा चर्र. जेवणाच्या सुट्टीत एकानं माझ्यासमोर शर्टाची बटणं सोडली, फरशीवर बसला आणि डोळे मिटून हात हलवायला लागला. पाळीतले सगळे हसले. "काय काका, आज उघड्यावर का कोटात?" पोरगेल्या वयाची माणसं. हातात पाना होता. मारला नाही, एवढंच.

तसाच मास्तराकडे गेलो. तो रिक्षाचा हूड शिवत होता. मी विचारलं, "कोणाला सांगितलंस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मशीनवरचा पाय चालूच होता. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "सुटलं असेल तोंडातून."

"सुटलं असेल?"

"हां. सुटलं."

खाली बघितलं तर सुई भलतीकडेच गेली होती, हुडाच्या मधोमध वीतभर वाकडी रेघ. तो तुकडा त्याला टाकावा लागला असणार. मी तेवढं बघितलं आणि निघालो. म्हणालो, आजपासून तू मला मेलास.

घरी आलो आणि कमलला सांगितलं, त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही. डिंडोलीला जायचं नाही. ती खाली मान घालून म्हणाली, "बरं."

पण दुसऱ्या दिवशी तिनं जे केलं ते लिंबायतच्या त्या गल्लीतल्या लोकांना अजून आठवत असेल. सकाळी नळाला पाणी आलं, पन्नास बाया रांगेत. कमलनं खुंटीवरचा माझा काळा कोट काढला, लुगड्यावरून घातला, सगळी बटणं लावली, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत, आणि दोन हंडे घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली. ऊन पडलेलं. कोट असा चमकत होता की दुसऱ्या मजल्यावरची माणसं वाकून बघायला लागली. कुणीतरी खिदळलं. ती म्हणाली, "हसा. मस्त लागतंय अंगाला. तुमच्या नवऱ्यांना परवडत नाही म्हणून तुम्हाला ठाऊक नाही." हंडे भरून, चर्र चर्र करत, रस्त्याच्या मधून चालत घरी आली. त्यानंतर मिलमधलाही आवाज हळूहळू बंद पडला.

मनात म्हटलं, मित्रानं विकलं, बायकोनं सोडवलं. कोट मी काढून घेतला, घडी घातली आणि तिच्या ट्रंकेत तळाला टाकला. म्हणालो, पुन्हा काढू नको.

सहा वर्षं. मास्तराच्या गल्लीतून जायचं टाळायला मी रोज दोन गल्ल्या जास्त चाललो. एकदा समोरासमोर आलो, त्यानं हात अर्धा वर केला, मी भिंतीकडे बघत गेलो.

मग कमल गेली. काविळीनं, तीन आठवड्यांत. जाळायला नेली तेव्हा मास्तर मागं उभा होता. अंगावर साधा पांढरा सदरा, सुती. त्याला सुती कपड्यात मी पहिल्यांदा बघत होतो. मी तोंड फिरवलं.

दहाव्याला शेजारची लताबाई बसायला आली. रिक्षावाल्याची बायको, चांगली बाई, मनात काही नाही. कमलच्या आठवणी काढायला लागली. डोळे पुसता पुसता हसली आणि म्हणाली, "किती हसवायची हो काका. तुमची ती कोटाची गंमत, तिनंच नळावर सांगितली. बाजारातून लवकर आली, खिडकीतून बघितलं, तर तुम्ही पंख्याखाली बसलेले. आत आलीच नाही, माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, बसू दे त्यांना, लहान पोरासारखे बसलेत. किती मायेनं सांगत होती. मग मेल्या पुरुषांनी मिलपर्यंत नेलं."

उठलो आणि चपला न घालता मास्तराच्या दुकानी गेलो.

तो म्हातारा दिसत होता. हात तसेच पांढरे. मी म्हणालो, "तू सांगितलं नव्हतंस."

"बस ना," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी सकाळी आली होती. तू यायच्या आधी. गोष्ट मिलवाल्यांपर्यंत गेली ते तिला नळावर कळलं होतं. पाय धरले माझे. म्हणाली, भाऊ, माझ्या तोंडून गेलं, आता कायमचं माहेर."

"मग तू..."

"बहिणीचं झाकायचं असतं, अप्पा. त्यात काय सांगायचं."

"आणि मी कोण होतो?"

तो थोडा वेळ दोरा दातात धरून बसला. मग म्हणाला, "तुझं खरं सांग. पाठवली असतीस ना?"

हो. पाठवली असती. त्या वयात, त्या रागात, पाठवली असती आणि आणली नसती. ते मी कबूल केलं. तरी मला कुणी विचारायला हवं होतं ना? त्यानं पुढं सांगितलं की ती दर आखाजीला यायची. मला देवळात जाते सांगून. दारात उभी राहायची, खण घ्यायची, रडायची आणि जायची. दर वेळी म्हणायची, या वर्षी सांगते त्यांना.

लोकांना हे सांगितलं की म्हणतात, केवढा मोठा माणूस. मला तसं वाटत नाही, आणि जे वाटत नाही ते मी लिहिणार नाही. त्या दोघांनी मिळून ठरवलं की मला बायको राहू द्यायची आणि मित्र काढून घ्यायचा. दोघांना माहीत होतं, दर वर्षी दारात भेटत होते, आणि मी रोज दोन गल्ल्या जास्त चालत होतो. बायको माझी, मित्र माझा, आणि खोटंही माझ्याच घरात. मी त्याला हे सगळं बोललो. ओरडून बोललो, रस्त्यावर माणसं जमली. त्यानं चहा मागवला होता. तो मी प्यालो नाही. तसाच परत आलो.

राग उतरायला मी चार महिने घेतले. तेवढ्यात तो दुकान आवरून गावाकडे गेला आणि उन्हाळ्यात तिकडेच वारला. एका रिक्षावाल्यानं सांगितलं. लाल कोट बरोबर नेला होता म्हणे. अंगावर घातला की नाही, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी दोनदा विचारलं.

त्यानंतर कमलची ट्रंक उघडली. वर तिची लुगडी. खाली सहा चोळीखण, एकही शिवलेला नाही. शिवला असता तर मी विचारलं असतं, कुठला. त्याच्या खाली कोट. मला वाटलं, आता सालटं निघणार. सहा सुरतचे उन्हाळे, घडी घालून, पत्र्याच्या ट्रंकेत. मी टोक धरून उचललं.

सुटला. सरळ, न चिकटता, पान उलटावं तसा. घडीघडीत पांढरी पावडर. शिवणीत जुन्या, पिवळ्या पडलेल्या पावडरीच्या रेघा, बाकी पुसून नवी लावलेली, कोपऱ्यात तिच्या बोटांचे ठसे. तिच्या तोंडाच्या पावडरीचा वास.

म्हणजे दर वर्षी तिनं ही ट्रंक उघडली, कोट काढला, पुसला, पावडर मारली, घडी घालून ठेवला. एकाच खोलीचं घर आमचं. मी चार हातांवर चहा पीत बसलेला असणार. कोट चिकटू दिला नाही तिनं. एक वाक्य बोलायचं होतं, ते नाही बोलली.

मी सदरा काढला आणि कोट घातला. आधी गार लागला. मग ऊब धरली. हात हलवला, तो बोलला.

आता कोट खुंटीवर असतो. मास्तर सांगायचा तसा, टांगून. घडी घालायची सोय नाही. पावडर मारणारं कोणी नाही.